मधुमेह : नाव एक, आजार दोन

मधुमेह हा शब्द आता कोणत्याही घराला अपरिचित राहिलेला नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबीचे ताट समोर आले की हात आडवा करणारी मंडळी दिसतात. कार्यालयात दुपारच्या चहाबरोबर बिनसाखरेचे दोन-तीन पेले वेगळे येतात. सकाळच्या फिरण्यात शेजारी-शेजारी एकमेकांच्या रक्तशर्करेचे आकडे विचारतात. शब्द इतका अंगवळणी पडला आहे की, त्याच्या पोटात दोन निरनिराळे आजार नांदत आहेत याकडे सहसा लक्ष जात नाही. साठीच्या आजोबांना झालेला मधुमेह आणि त्यांच्या आठ वर्षांच्या नातीला झालेला मधुमेह यांत वाढलेल्या साखरेचा दुवा आहे. परंतु त्यांची कारणे, त्यांची गती आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत.

दोन भिन्न खात्यांतील नोंदी एकाच शीर्षकाखाली लिहिल्या, तर बेरीज बरोबर आली तरी तिचा अर्थ लागत नाही, हे हिशेब ठेवणारा प्रत्येक जण जाणतो. मधुमेहाच्या बाबतीत हा घोटाळा केवळ शब्दांपुरता राहत नाही. आजोबांना लागू पडलेला सल्ला नातीला दिला गेला, तर तो तिच्या जिवावर बेतू शकतो.

प्राचीनांची नजर

भारतीय वैद्यकाला या विकाराची ओळख फार पूर्वीपासून आहे. लघवीकडे मुंग्या धावतात ही खूण चरकसंहितेत नोंदलेली आहे. विशेष असे की, सर्व रोगी एकाच साच्याचे नसतात हेही त्या काळी ध्यानात आले होते. चरकसंहितेत प्रमेहाचा एक रोगी स्थूल व बलवान, तर दुसरा कृश व दुर्बल असा भेद केला आहे. कृश रोग्याचे पोषण करावे आणि स्थूल रोग्याचे शोधन करावे, असे उपचारही वेगवेगळे सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेने जन्मासोबत येणारा व अपथ्यामुळे उद्भवणारा असे दोन प्रकार मानले. आजच्या वर्गीकरणाशी हे भेद तंतोतंत जुळत नाहीत. तथापि एकाच लक्षणामागे दोन भिन्न प्रकृती असू शकतात, हे मर्म त्यांत निश्चितच आढळते.

किल्ली आणि कुलूप

आपण खाल्लेल्या भात, भाकरी, पोळी, फळे आदी पदार्थांतील पिष्टमय भागाचे पचनानंतर ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. स्नायू आणि मेद यांच्या पेशींत हे ग्लुकोज शिरण्यासाठी इन्सुलिन नावाचे संप्रेरक लागते. पोटात जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटे असतात. जर्मन संशोधक पॉल लँगरहॅन्स यांनी १८६९ मध्ये त्यांचे प्रथम वर्णन केले, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. या बेटांमधील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात.

बँकेच्या लॉकरची उपमा येथे समर्पक ठरेल. लॉकर उघडत नसेल तर त्याची दोन कारणे संभवतात. एक तर किल्ली हरवलेली असते, किंवा किल्ली हातात असूनही कुलूप अडकलेले असते. समोर उभ्या असलेल्या ग्राहकाला दोन्ही वेळी अनुभव एकच येतो, दार उघडत नाही. उपाय मात्र वेगळा करावा लागतो. अडकलेल्या कुलपाला तेल घालून उपयोग होईल. किल्लीच हरवली असेल तर तेलाचा डबा रिकामा केला तरी दार जागचे हलणार नाही. टाइप-१ मधुमेहात किल्ली, म्हणजे इन्सुलिन, नाहीसे झालेले असते. टाइप-२ मधुमेहात किल्ली असते, पण कुलूप तिला दाद देत नाही.

दोन्हींचा दृश्य परिणाम सारखाच होतो. साखर रक्तात साचत जाते. दर १०० मिलिलिटर रक्तात ती साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती आवरत नाही आणि ती लघवीवाटे बाहेर पडू लागते. जाताना ती पाणीही ओढून नेते. वारंवार लघवी, न शमणारी तहान, थकवा ही लक्षणे या साध्या क्रमातून उद्भवतात.

टाइप-१ : हरवलेली किल्ली

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी असते. टाइप-१ मधुमेहात हीच यंत्रणा स्वतःच्या बीटा पेशींना परके समजून त्यांचा नाश करू लागते. लंडनमधील संशोधकांनी १९७४ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात बेटांतील पेशींविरुद्धची प्रतिद्रव्ये असल्याचे दाखवून दिले, आणि या आजाराचे स्वरूप स्पष्ट होऊ लागले. काही जनुकांमुळे तो होण्याची शक्यता वाढते. त्यावर बाहेरून कसली ठिणगी पडते याचे पूर्ण उत्तर विज्ञानाला अद्याप मिळालेले नाही. एक गोष्ट मात्र निश्चित आहे. मुलाने चॉकलेटे अधिक खाल्ली, आईने गरोदरपणी आंबे खाल्ले, घरात गोडधोड फार होते, यांपैकी कशानेही टाइप-१ मधुमेह होत नाही.

हा आजार बहुधा बालपणी किंवा तरुणपणी दिसू लागतो. मात्र तो कोणत्याही वयात होऊ शकतो. पेशींचा नाश काही महिने वा वर्षे निमूटपणे चालतो. परंतु लक्षणे एकदा सुरू झाली की काही आठवड्यांतच चित्र पालटते. मूल सारखे पाणी मागते. अंथरूण ओले करण्याचे थांबलेले मूल पुन्हा ओले करू लागते. पोटभर जेवूनही कपडे सैल होत जातात. वाढीच्या वयात असे होतेच, परीक्षेचा ताण असेल, जंत झाले असतील, अशी समजूत काढण्यात दिवस जातात. इन्सुलिनअभावी पेशींना साखर मिळेनाशी झाली की शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून निर्माण होणारी कीटोन द्रव्ये रक्त आम्लयुक्त करतात. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात चालणारा खोल श्वास, श्वासाला येणारा फळांसारखा वास आणि वाढती गुंगी ही या अवस्थेची लक्षणे होत. हे अपचन समजून घरी थांबणे जीवघेणे ठरते. अशा मुलाच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन केलेली तपासणी एका मिनिटाच्या आत पुढची दिशा दाखवू शकते.

टोरंटो, १९२२

इन्सुलिन हाती येण्यापूर्वी अशा मुलांना उपाशीपोटी ठेवून आयुष्याचे काही महिने वाढवणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. १९२१ मध्ये कॅनडातील टोरंटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्रा. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क मिळवला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. अर्क अशुद्ध असल्याने अपेक्षित गुण आला नाही. जेम्स कोलिप यांनी तो अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या मात्रांनी मुलाची साखर उतरली. मरणपंथाला लागलेला तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षे जगला.

या शोधाचे हक्क बँटिंग, बेस्ट व कोलिप यांनी प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपल्या रकमेत बेस्ट यांना आणि मॅक्लिऑड यांनी कोलिप यांना वाटेकरी केले. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा १९९१ पासून जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

टाइप-२ : अडकलेले कुलूप

इन्सुलिन उपलब्ध झाल्यावर एक नवेच कोडे पुढे आले. काही रुग्णांची साखर थोड्याशा इन्सुलिनने झरझर उतरे. काहींवर तितकीच मात्रा फारसा परिणाम करीत नसे. लंडनचे वैद्य हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन हा फरक तपासला आणि १९३६ मध्ये असे मांडले की, मधुमेहींमध्ये इन्सुलिनला प्रतिसाद देणारे व न देणारे असे दोन गट आहेत. पुढे बराच काळ 'इन्सुलिनवर अवलंबून असलेला' आणि 'अवलंबून नसलेला' अशी नावे रूढ होती. परंतु दुसऱ्या गटातील अनेकांनाही कालांतराने इन्सुलिन लागत असल्याने ती नावे फसवी ठरली, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस टाइप-१ व टाइप-२ ही नावे स्वीकारण्यात आली.

मधुमेहींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण या दुसऱ्या प्रकारात मोडतात. स्नायू, यकृत आणि मेदपेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी बीटा पेशी अधिकाधिक इन्सुलिन तयार करतात आणि वर्षानुवर्षांच्या या जादा कामाने अखेर थकतात. वाढते वय, पोटाचा घेर, बैठे काम, अपुरी झोप यांचा त्यात वाटा असतो. येथे एक गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटेल. लहानपणी होणारा टाइप-१ अधिक आनुवंशिक असावा असा समज आहे. प्रत्यक्षात कुटुंबात उतरण्याची प्रवृत्ती टाइप-२ मध्येच अधिक ठळक आढळते.

टाइप-२ ची चाल संथ असते. थोडेफार इन्सुलिन शिल्लक असल्याने कीटोन द्रव्ये सहसा माजत नाहीत, म्हणून धोक्याची घंटा वाजत नाही. विम्यासाठी केलेली तपासणी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची पूर्वतयारी, पायाची न भरणारी जखम अशा निमित्ताने हा आजार उघडकीस येतो. तोवर काही वर्षे उलटून गेलेली असू शकतात. त्यामुळेच टाइप-२ चे निदान होताच डोळ्यांच्या दृष्टिपटलाची तपासणी करण्यास सांगतात, तर टाइप-१ मध्ये ती साधारणतः पाच वर्षांनंतर सुरू करतात. पहिल्यात आजाराचा आरंभ कधी झाला हे ठाऊक नसते, दुसऱ्यात तो बहुधा ठाऊक असतो.

सडपातळ दिसणारा भारतीय

टाइप-२ हा लठ्ठ माणसांचा आजार, ही समजूत आपल्या देशात विशेष घातक ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. उंची व वजन यांच्या प्रमाणाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. वजनकाट्याला न दिसणारी ही चरबी भारतीयांत पोटाभोवती अधिक साठते. पुणे परिसरातील नवजात बालकांच्या पाहणीतही असे आढळले की, ती इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बालकांहून वजनाने बरीच कमी असली, तरी त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती.

म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांकाची मर्यादा २५ ऐवजी २३ धरली जाते, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला. प्रौढांमधील प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के, तर उत्तर प्रदेशात सर्वांत कमी, ४.८ टक्के आढळले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या याहूनही मोठी, सुमारे १३ कोटी ६० लाख होती.

वयावरून प्रकार ठरतो का?

लहान मुलाला टाइप-१ आणि मोठ्या माणसाला टाइप-२ हे गणित सर्वसाधारणपणे जुळते. पण त्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. आता किशोरवयीन मुलांतही टाइप-२ दिसू लागला आहे, आणि चाळिशीनंतर हळूहळू सुरू होणारा टाइप-१ अनेकदा टाइप-२ समजला जातो. गोळ्या बदलून व वाढवूनही साखर हटत नाही, वजन मात्र घटत जाते, अशा वेळी प्रकाराविषयी नव्याने विचार करणे श्रेयस्कर. याशिवाय गरोदरपणातील मधुमेह, एकाच जनुकातील दोषामुळे होणारा मधुमेह आणि स्वादुपिंडाच्या विकारानंतरचा मधुमेह हे प्रकारही आहेत.

मधुमेह आहे की नाही हे ठरवण्याचे निकष दोन्ही प्रकारांना सारखेच आहेत. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक, ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० वा अधिक, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबी-ए-१-सी चाचणी ६.५ टक्के वा अधिक, हे ते निकष होत. परंतु हे आकडे प्रकार सांगत नाहीत. शंका असल्यास शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे दाखवणारी सी-पेप्टाइड चाचणी आणि बीटा पेशींविरुद्धच्या प्रतिद्रव्यांची चाचणी करावी लागते.

उपचारांच्या दोन वाटा

टाइप-१ मध्ये इन्सुलिन हे औषधापेक्षा अन्नाच्या जवळचे आहे. ते रोज आणि आयुष्यभर लागते. दिवसातून अनेक इंजेक्शने किंवा पंप, वारंवार साखर मोजणे आणि खाण्यातील पिष्टमय भागाच्या हिशेबाने मात्रा ठरवणे, असा हा नित्यक्रम असतो. तो पाळणारे मूल शाळेत जाते, मैदानावर खेळते, वाढदिवसाचा केकही खाऊ शकते. आजारपणात मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करणे ही मोठी चूक होय. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलते, इन्सुलिन थांबत नाही. उलट बाजूने साखर ७० च्या खाली घसरण्याचा धोकाही असतो. घाम, थरथर, गोंधळलेपण दिसताच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालय गाठावे. ही गरज ओळखूनच केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ पासून टाइप-१ असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाण्याचे पदार्थ नेण्याची मुभा दिली.

टाइप-२ मध्ये आहार, चालणे आणि वजन यांना प्रथम स्थान आहे. सोबत मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या व इतर औषधे येतात. येथे प्रतिबंधाला खरा वाव आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ राहणीमानातील बदलाने मधुमेह होण्याचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे २८ टक्क्यांनी घटले. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आजार जडून सहा वर्षांहून कमी काळ लोटलेल्या टाइप-२ रुग्णांपैकी ४६ टक्के जण काटेकोर आहार व वजनघट यांच्या बळावर वर्षाअखेर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेबाहेर आले.

ही वार्ता उमेद देणारी आहे. परंतु ती टाइप-२ च्या खात्यातील आहे. 'मधुमेह मुळापासून घालवा', 'इन्सुलिनपासून सुटका' अशा जाहिरातींत प्रकाराचा उल्लेख नसतो. त्या वाचून टाइप-१ असलेल्या मुलाचे इन्सुलिन थांबवले, तर थोड्याच दिवसांत तेच कीटोनचे संकट उभे राहते. टाइप-१ मध्ये अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेले टेप्लिझुमॅब हे औषध लक्षणे दिसण्याआधीच्या टप्प्यात आजाराचा आरंभ काही काळ, चाचणीत सरासरी दोन वर्षांच्या आसपास, लांबवू शकते. याउलट टाइप-२ च्या रुग्णाला डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवले, तर त्याने ते शिक्षा वा शेवटची पायरी समजून टाळू नये. थकलेल्या बीटा पेशींना मिळालेला तो आधार असतो.

घर, समाज आणि आर्थिक नियोजन

टाइप-१ असलेल्या मुलाच्या आईवडिलांना आजाराइतकाच त्रास दोषारोपांचा होतो. 'लाड केले म्हणून झाले' हे वाक्य नातेवाईक सहज उच्चारतात. मुलगी असेल तर तिच्या विवाहाच्या चिंतेने आजार लपवला जातो, चारचौघांत इंजेक्शन घेणे टाळले जाते आणि लपवाछपवीत मात्रा चुकतात. या आजारात कोणाचाही दोष नाही, एवढे कुटुंबाने व शेजाऱ्यांनी समजून घेतले, तरी त्या मुलीचा अर्धा भार हलका होईल.

खर्चाचे स्वरूपही दोन्हींत भिन्न असते. टाइप-१ मध्ये इन्सुलिन, सुया आणि तपासणीच्या पट्ट्या हा पहिल्या दिवसापासूनचा ठरलेला मासिक खर्च असल्याने त्याची तरतूद घरखर्चातच करावी. टाइप-२ मध्ये आरंभीचा खर्च कमी असतो. दुर्लक्ष झाले तर पुढे डोळे, मूत्रपिंड, हृदय व पाय यांच्या उपचारांतून तो एकदम अंगावर येतो. आरोग्य विमा घेताना मधुमेहाचा प्रकार व निदानाची तारीख प्रस्तावात स्पष्ट लिहावी. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला आहे. त्यामुळे माहिती दडवून दावा नाकारला जाण्याची जोखीम पत्करण्यापेक्षा खरी नोंद करून प्रतीक्षाकाळ पूर्ण करणे केव्हाही हिताचे.

मधुमेहाचे निदान झाले की घरातील मंडळी प्रथम साखरेचा आकडा विचारतात. त्याच बैठकीत डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारावा : हा मधुमेह कोणत्या प्रकारचा आहे? उत्तर मिळाल्यावर ते रुग्णाच्या कागदपत्रांवर, शाळेच्या नोंदीत आणि विम्याच्या प्रस्तावात ठळकपणे लिहून ठेवावे. कोणता सल्ला ऐकायचा आणि कोणता नम्रपणे बाजूला ठेवायचा, हे त्या एका नोंदीवरून ठरवता येईल.